पपईचा वाय फॅक्टर

एक क्विक क्विझ. तोंडलं नर की मादी? पपई 'तो' की 'ती'? आणि सोलापूर हायवेवर घेतलेल्या अंजिराच्या खोक्यात मुलं किती, मुली किती?

असले प्रश्न विचारले की लोक आपल्याकडे 'हिला रजेची गरज आहे' अशा नजरेनं बघतात. कारण आपलं बॉटनी शाळेत संपलेलं असतं. जास्वंदीचं फूल उभं चिरायचं, पुंकेसर दाखवायचे, स्त्रीकेसर दाखवायचा, बाण काढून नावं लिहायची, मार्क घ्यायचे आणि निघायचं. आई-बाबा एकाच फुलात. फार तर मक्यासारखं एकाच ताटावर वर तुरा नर आणि खाली कणीस मादी. म्हणजे सगळं एकाच फ्लॅटमध्ये!

बहुतेक फुलझाडांच्या बाबतीत हे अगदी बरोबरही आहे. पण पाच-सहा टक्के जातींचा कारभार निराळा असतो. त्यांच्यात नराचं झाड वेगळं आणि मादीचं झाड वेगळं. एक नुसता पराग देणार, दुसरं नुसती फळं धरणार. आणि त्यातल्या काहींमध्ये चक्क आपल्यासारखे एक्स आणि वाय क्रोमोसोम सापडतात. मराठीत गुणसूत्रं. मादी एक्स-एक्स, नर एक्स-वाय. सेम टू सेम!

हे मला कळलं ते कुठल्या सेमिनारमध्ये नाही, पपईच्या शेतात. मी रांजणगाव एमआयडीसीत नोकरी करते. आमच्या टीममधल्या एकाचं गाव दौंड तालुक्यात आहे. एका शनिवारी हाफ डे टाकून आम्ही चौघं त्याच्या गाडीतून निघालो. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याच्या दिशेनं सुटायचं. मध्ये भीमा लागते. पूल ओलांडला की शिरूर संपतं आणि दौंड सुरू. दोन्ही बाजूंना ऊस, ऊस आणि ऊस. आणि त्या उसाच्या गर्दीत मध्येच छत्र्या उघडून उभी असल्यासारखी काकांची पपई.

नवी लागण होती. एकेका खड्ड्यात तीन-तीन रोपं. आमच्यातल्या एमबीएनं लगेच विचारलं, "काका, इतकी दाटी कशाला? एक रोप पुरे की. कॉस्ट वाचेल."

काका हसले. म्हणाले, "अहो, ह्यातली पोरगी कोन आन् पोरगा कोन, ते आज कुणालाच ठाऊक नाय. पाच म्हैने पानी घाला, खत घाला, मग ती फुलावर येनार आन् सांगनार, मी कोन ते!"

प्रॉब्लेम इथंच आहे. पपईची बी बघून काही कळत नाही. रोप बघूनही नाही. नर आणि मादी पानानं, खोडानं, उंचीनं अगदी सारखे. चार ते सहा महिन्यांनी फूल आलं की उलगडा होतो. लांब दांड्यावर लोंबणारे फुलांचे झुपके दिसले की तो नर. खोडाला चिकटून एकेकटी, बुडाला फुगीर फुलं दिसली की ती मादी. तोवर ठिबक, खत, मजुरी, फवारणी सगळं सारखंच. नराला काही कमी पाणी लागत नाही!

आता काकांचं गणित बघा. दोन मीटर बाय दोन मीटरवर लावलं की एकरात साधारण हजार खड्डे बसतात. महाराष्ट्रात पूर्वापार चालत आलेल्या वॉशिंग्टनसारख्या जातीत नर-मादी निम्मे-निम्मे निघतात. एका खड्ड्यात एकच रोप लावलं तर पाचशे खड्डे नरांचे, म्हणजे अर्धा एकर फुकट. तीन लावली तर तिन्ही नर निघायची शक्यता आठात एक, म्हणजे सव्वाशे खड्डे. उरलेल्या पावणेनऊशेंमध्ये किमान एक मादी मिळणारच. तीच ठेवायची, बाकीची उपटायची. आणि गंमत म्हणजे परागासाठी दहा माद्यांमागे एक नर लागतोच. म्हणजे ते सव्वाशे नरही फारसे वाया जात नाहीत. ही प्रॉबॅबिलिटी काकांनी कुठं शिकली? कुठंच नाही. त्यांच्या वडलांनी तीन लावली, म्हणून त्यांनी तीन लावली.

मग सगळे संकरित रोपंच का नाही लावत? लावतात की. तैवानहून आलेली रेड लेडी 786 महाराष्ट्रात भरपूर लावली जाते. तिच्यात नर झाड नसतंच. एक तर मादी, नाहीतर उभयलिंगी, म्हणजे ज्याच्या एकाच फुलात दोन्ही असतं आणि जे स्वतःचं स्वतः फळ धरतं असं झाड. प्रश्न इतकाच की बी खरं असायला हवं. तीन वर्षांपूर्वी काकांनी एका नर्सरीतून 'तैवान' म्हणून रोपं आणली. हायब्रिड म्हटल्यावर खड्ड्याला एकच लावलं. पाच महिन्यांनी शेतभर लोंबते झुपके! कुणीतरी फळातलं बी राखून, रुजवून, हायब्रिडच्या भावानं विकलं होतं. आसपास एखादा नर असला की त्याचा पराग माशी-वाऱ्याबरोबर येतो आणि त्या बियांमधून नर निघतात. नर्सरीवाला म्हणाला, हवामानाचा परिणाम असेल. काकांच्या घरातल्या एका लग्नाची तारीख त्या वर्षी पुढं गेली. आपल्याकडे अप्रेझल हुकलं की आपण दोन दिवस चिडचिड करतो. तिथं अख्खं वर्ष गेलं.

माझ्या डोक्यात मात्र एकच किडा वळवळत राहिला. आंबा, पेरू, चिकू कुणालाच हा ताप नाही. मग पपईनंच दोन वेगळ्या घरांचा संसार का मांडला? आणि मांडला कधी?

पहिलं उत्तर, हा संसार नवा आहे. माणसाच्या एक्स-वायची जोडी 15 कोटी वर्षांहून जुनी. पपईची जोडी फुटायला लागली ती सुमारे 70 लाख वर्षांपूर्वी. उत्क्रांतीच्या कॅलेंडरवर हे गेल्या आठवड्यातलंच काम! त्यामुळे माणसात जी गोष्ट कधीच घडून गेली, ती पपईत अजून चालू असताना बघता येते. म्हणूनच जगभरातले शास्त्रज्ञ पपईच्या मागे लागले. 2004 मध्ये 'नेचर'मध्ये पपईचा वाय अगदी सुरुवातीच्या अवस्थेतला आहे, असं संशोधन आलं. 2008 मध्ये पपईच्या अख्ख्या जीनोमचा मसुदा आला. 2012 मध्ये तो वाय-सारखा भाग अक्षर अन् अक्षर वाचून झाला.

दुसरं उत्तर, हे घडतं कसं. डेबोरा आणि ब्रायन चार्ल्सवर्थ या जोडीनं 1978 मध्ये त्याचा एक फंडा मांडला. सुरुवातीला सगळी झाडं उभयलिंगी. एका झाडात परागाचा जीन बिघडतो. ते झाड नुसतीच मादी होतं. हे झालं पाऊल एक. मग ज्यांचा पराग शाबूत आहे त्यांच्यातल्या एकात नवा जीन येतो, जो म्हणतो 'फळ बंद'. ते झालं नर. पाऊल दोन. आता पेच असा की 'पराग चालू' आणि 'फळ बंद' हे दोन जीन कायम एकत्र राहायला हवेत. पुढची पिढी घडताना गुणसूत्रांच्या जोड्या आपापसात तुकडे बदलतात. गणपतीच्या जागरणाला आपण पत्ते पिसतो ना, तसं. पिसताना हे दोन पत्ते वेगळे झाले आणि 'फळ बंद' जाऊन बसलं 'पराग बंद'च्या शेजारी, तर झाड ना बाप ना आई. वंश खलास.

उपाय? दोन्ही पत्त्यांना स्टेपलर मारा. गुणसूत्राचा तो तुकडाच उलटा फिरतो, समोरच्या जोडीदाराशी जुळेनासा होतो आणि पिसणं बंद पडतं. पपईत असे दोन मोठे उलटे तुकडे सापडले. एक सुमारे 70 लाख वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे 19 लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे स्टेपल दोनदा मारलं!

हे नुसतं कागदावरचं नाही. भीमेच्या काठानं, ओढ्यांच्या कडेनं शिंदीची झाडं दिसतात ना, ती खजुराची सख्खी बहीण. शिंदीतही नर वेगळा, मादी वेगळी. 2018 मध्ये खजुराच्या या अख्ख्या वंशातल्या जाती तपासल्या तेव्हा फक्त नरांत सापडणारे तीन जीन हाती आले. दोन परागाच्या कामाचे आणि एक मादी-अवयव दाबणारा वाटतो तो. चाळीस वर्षांपूर्वीच्या फंड्यात बसतील असेच.

पण स्टेपलरची किंमत मोजावी लागते. पत्ते पिसले जातात म्हणून खराब पत्ते बाहेर पडतात. ज्या तुकड्याचं पिसणंच थांबलं तिथं कचरा साठतो. आपल्या घरातला माळा आठवा. दर दिवाळीला सगळं घर लख्ख होतं, माळ्याला कुणी हात लावत नाही. जुना कूलर, तुटका ट्रायपॉड, कुणाच्या तरी बारशातली रिकामी खोकी. वायचं तेच होतं. स्वतःच्या नकला काढत पसरणारे डीएनएचे तुकडे तिथं मुक्काम ठोकतात. पपईच्या एक्सवरचा तो भाग सुमारे 35 लाख अक्षरांचा, आणि वायसारख्या बाजूवरचा सुमारे 81 लाखांचा. दुपटीहून मोठा, पण कामाचं सामान उलट कमी. कोट्यवधी वर्षांनी माळा कोसळतो आणि वाय बारका होतो. माणसाचा वाय त्या टप्प्यावर आहे. एक्स साडेपंधरा कोटी अक्षरांचा, वाय जेमतेम सव्वासहा कोटींचा. तो शेवटपर्यंत वाचून व्हायला 2023 उजाडलं. अडगळ इतकी होती!

पपईच्या माळ्यावर काय हरवलंय त्याचा पुरावा शेतातच मिळतो. उभयलिंगी झाडाचं स्वतःच्याच परागानं बी धरलं, तर शाळेच्या हिशेबानं चारातली एक बी दोन्हीकडून वाय मिळालेली हवी. ती कधीच उगवत नाही, आतल्या आत मरते. जगायला लागणारं काहीतरी फक्त एक्सवर उरलंय. म्हणून उगवलेल्या रोपांत दोन उभयलिंगी आणि एक मादी असा हिशेब पडतो. पपईचा हा वारसा 1938 मध्येच दोघांनी वेगवेगळा मांडला होता, दक्षिण आफ्रिकेत हॉफमायर आणि हवाईत स्टोरी यांनी. तेव्हा डीएनएची रचनासुद्धा कुणाला माहीत नव्हती.

आणि ते उभयलिंगी झाड आलं कुठून? 2015 च्या संशोधनाप्रमाणे ते नर झाडांमधूनच निघालं, सुमारे 4 हजार वर्षांपूर्वी, मध्य अमेरिकेत. कुठल्याशा नरात 'फळ बंद'चं बटण ढिलं झालं आणि त्याला फळं लागली. तिथल्या शेतकऱ्यानं ते झाड उपटलं नाही, त्याचं बी राखलं. तिथून ते जगभर पसरलं. ब्रेकफास्टच्या प्लेटमधली ती लांबट, एकसारखी कापलेली फोड म्हणजे त्या अनोळखी शेतकऱ्याची मेहेरबानी.

आता माझा फेव्हरेट भाग. या सगळ्या गोष्टीत पुणं आहे!

ज्या तोंडल्याच्या भाजीवर आपण डब्यात नाक मुरडतो, ती तोंडली वनस्पतींच्या वायच्या दुनियेतली सेलिब्रिटी आहे. कुंपणावर, बाभळीवर, वीटभट्टीच्या मागं रानटी तोंडली पसरलेली असते. नराचा वेल वेगळा, मादीचा वेगळा. 1940 मध्ये एल. एस. एस. कुमार आणि जी. बी. देवडीकर या पुण्यात काम करणाऱ्या दोघांनी मायक्रोस्कोपखाली तोंडलीची गुणसूत्रं मोजली. दोन्हीकडे 24. पण नराच्या पेशीत एक गुणसूत्र बाकीच्यांपेक्षा ठळकपणे मोठं दिसलं. तोच वाय! 'करंट सायन्स'मध्ये त्यांनी ते छापलं. ज्या काळात फोटो काढायला स्टुडिओत जावं लागायचं, त्या काळात पुण्यात बसून वेलीचा वाय पकडला होता.

2013 मध्ये म्युनिकच्या संशोधकांनी तोंडली पुन्हा हातात घेतली. नराच्या एकूण डीएनएपैकी सुमारे 10 टक्के एकट्या वायमध्ये, आणि तोंडली ही जात जेमतेम 30 लाख वर्षांची. माळा गच्च भरलेला, अजून कोसळलेला नाही.

मग गोष्ट परत पुण्यात आली. पाषाणच्या आयसरमधल्या टीमला तोंडलीचा एक चमत्कारिक प्रकार मिळाला. गुणसूत्रं मादीची, एक्स-एक्स. पण काही फुलांत पुंकेसरही. त्यांनी साध्या मादी वेलींवर सिल्व्हर नायट्रेट फवारलं. चांदी वेलीतल्या इथिलीन या हार्मोनचं म्हणणं ऐकू येऊ देत नाही. आणि काय आश्चर्य, वाय नसलेल्या मादीच्या फुलात पुंकेसर उगवले! पण त्या परागात दम नव्हता, तो रुजेना. 2014 आणि 2017 मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. थोडक्यात, नराचा सांगाडा उभा करायची कृती मादीच्या पेशीतही असते. तिच्यावर फक्त झाकण असतं. मात्र शेवटचा हात फिरवायला वाय लागतो.

हे वाचल्यावर मी जरा थांबले. आपण 'हे नैसर्गिक', 'ते अनैसर्गिक' असं किती फाडफाड बोलतो. निसर्गाच्या स्वतःच्या खात्यात मात्र कच्चा ड्राफ्ट, त्यावर खाडाखोड, मग दुसरा ड्राफ्ट. झाडांमध्ये ही दोन घरांची वाटणी एकदा नाही, शेकडो वेळा वेगवेगळी झालीय. दर वेळी रेसिपी नवी.

शेतकऱ्यानं त्यातून आपल्यापुरता मार्ग काढलाच. दौंड तालुक्यातलं खोर अंजिरासाठी प्रसिद्ध. तिथली झाडं म्हणजे पुना अंजीर, सगळ्याच्या सगळ्या माद्या. त्यांना फळ धरायला पराग लागतच नाही. झाडाची फांदी घेऊन कलम करायचं, म्हणजे मुलगी आईची झेरॉक्स. तोंडलीचंही तेच, मादी वेलाची काडी लावायची की झालं. (म्हणजे क्विझचं उत्तर मिळालं. अंजिराच्या खोक्यात सगळ्या मुलीच!) पपईला मात्र ही सोय स्वस्तात नाही. ती बियांपासूनच करतात. म्हणून वायचा जुगार फक्त तिच्याच वाट्याला.

टेक्नॉलॉजी काही करू शकते का? करू शकते. रोपाच्या पानाचा नखाएवढा तुकडा लॅबमध्ये दिला की डीएनए टेस्ट सांगते, हा नर, ही मादी, हे उभयलिंगी. 2002 पासून असे मार्कर आहेत. हे मी काकांना उत्साहानं सांगितलं. काकू ओट्यावरून म्हणाल्या, "आमच्या दवाखान्यात तर पाटी लावलीय, हितं असली तपासनी व्हत न्हाई म्हनून." क्षणभर सगळे गप्प. आपल्याकडे 1994 चा कायदा करावा लागला, कारण मुलगी नको होती. पपईच्या शेतात नेमकं उलटं. तिथं खड्ड्यातून उपटला जातो तो मुलगा.

काकांनी मात्र सरळ हिशेब घातला. हजार खड्डे, तीन हजार रोपं, प्रत्येकाची टेस्ट. त्यापेक्षा दोन जास्तीची रोपं केव्हाही स्वस्त. लॅब पुण्यात, शेत इथं आणि पाऊस कुणासाठी थांबत नाही. मला वाटतं ही टेस्ट शेतकऱ्यानं करायचीच नाही. ती नर्सरीनं विकताना करावी, किमान प्रत्येक लॉटमधल्या मूठभर रोपांची, आणि बिलावर लिहून द्यावी. सोन्याला हॉलमार्क चालतो, तर पाच महिने वाट बघायला लावणाऱ्या रोपाला का नको?

तोपर्यंत आपल्यापुरतं एक करा. पुढच्या वेळी गाडीवर पपई घेताना नीट बघा. लांबट असेल तर बहुधा उभयलिंगी झाडाची. गोल असेल तर मादीची. चवीत फरक मानू नका, गोलसुद्धा घ्या. लांबट फळाला भाव जास्त म्हणून गोलाचा दर पाडतात, आणि तो पडतो तेव्हा पाच महिने घातलेल्या पाण्याचाही पडतो.

काकांनी यंदाची लागण केली. बिलासकट हायब्रिड रोपं घेतली, पॅकिंग तपासून घेतलं, कंपनीचा नंबरसुद्धा फिरवून बघितला. पपईचा वाय अजून स्वतःलाच घडवतोय, त्याला काही लाख वर्षं द्यायला हरकत नाही. काकांच्या हातात एकच हंगाम आहे. त्यांनी खड्ड्याला तीनच लावलीत.